मेल सर्व्हरवर पहारा कोणाचा?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



लखनौच्या सराफ्यात विटा-आटपाडीकडची आपली गलाईवाली मंडळी आहेत. कोणाची छोटी छपाई आहे, कोणी रेल्वेला सुटे भाग पुरवतात. फर्मच्या नावाचा ईमेल असला की पत बरी दिसते, म्हणून काहींनी कपाटामागे एक संगणक ठेवून स्वतःचा मेल सर्व्हर बसवून घेतला. बसवणारा बिल घेऊन गेला. त्यानंतर त्या यंत्राकडे पाहायचे कोणी, हे ठरलेच नाही. खरी अडचण इथे आहे.

रेल्वेतले बांधव जाणतात, रूळ टाकला म्हणजे काम संपत नाही. कीमन रोज आपल्या हद्दीत पायी फिरून चाव्या ठोकतो, म्हणून गाडी धावते. मेल सर्व्हर तर चोवीस तास साऱ्या जगाला उघडा. पासवर्ड ताडून पाहणारी यंत्रे त्यावर रात्रंदिवस येतात. दुकान लहान की मोठे, हे ती बघत नाहीत. एकाचा पासवर्ड सोपा निघाला की आपल्याच सर्व्हरवरून हजारो फसवी पत्रे सुटतात, आपला पत्ता काळ्या यादीत जातो आणि खरे कोटेशनसुद्धा गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडते.

मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरमध्ये अशी भोके सापडली की पासवर्डाशिवाय आत शिरता येई. २ मार्चला दुरुस्ती निघाली. पण तोवर चोरांनी अनेक ठिकाणी मागचे दार करून ठेवले होते. दुरुस्ती लावल्याने भोक बुजले, ते दार तसेच राहिले! शेवटी एप्रिलमध्ये अमेरिकेत न्यायालयाची परवानगी घेऊन एफबीआयने शेकडो सर्व्हरमधली अशी दारे काढली. मालकांचे लक्षच नव्हते, दुसरे काय? एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ यांचा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. कोणाकडे अजून तेच चालू असेल तर त्यांनी आज घरी जाऊन पाहावे.

दुसरी गोष्ट ओळखीची. स्टेशन मास्टर फोनवर गाडीचा संदेश देताना छापील तक्त्यातला प्रायव्हेट नंबर सांगतो आणि वापरलेला नंबर खोडतो. नुसत्या आवाजावर गाडी सुटत नाही. ईमेलचा मूळ नियम, एसएमटीपी, १९८२ चा. त्यात अशी काही सोय नव्हती. पाठवणारा कोणाचेही नाव लिहू शके. पुढे तीन उपाय आले. एसपीएफ सांगते, आमच्या नावाने कोणती यंत्रे पत्र पाठवतील. डीकेआयएम पत्रावर मोहोर उठवते. आणि दोन्ही जुळले नाही तर पत्राचे काय करायचे, हे डीमार्क सांगते. खर्च जवळजवळ नाही, तरी या नोंदी करायच्या राहून जातात.

मात्र यांनाही मर्यादा आहे. २०१५ साली ओएनजीसीच्या पत्त्यातली अक्षरे उलटसुलट करून कोणीतरी सौदी अरामकोला भलत्या खात्यात पैसे भरायला लावले. सुमारे १९७ कोटींचे ते प्रकरण मुंबई पोलिसांकडे गेले. असा जुळा पत्ता चोराचा स्वतःचा असतो, त्याची मोहोरही खरीच उठते! तेव्हा 'आमचे बँक खाते बदलले आहे' असे पत्र आले तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर फोन करून विचारा. पत्रातल्या नंबरावर करू नका.

माझे मत स्पष्ट आहे. रोज नोंदी बघणारा माणूस नसेल तर सर्व्हर दुकानात ठेवूच नये. नाव आपले ठेवा, पेटी एखाद्या मोठ्या सेवेकडे भाड्याने घ्या. वर्षाचे थोडे पैसे जातील, पण दुरुस्त्या तेच लावतील. पासवर्डासोबत मोबाइलवरचा दुसरा कोड मात्र चालू करा. ते काम आपलेच.

पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन. सर्व्हरमध्ये शिरकाव झाला तर सर्ट-इनच्या २०२२ च्या आदेशानुसार सहा तासांत कळवायचे आणि नोंदी १८० दिवस जपायच्या.

आपल्या डोमेनवर त्या तीन नोंदी आहेत का, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी आरतीनंतर मला भेटावे. पाच मिनिटांचे काम आहे.

गणपती बाप्पा मोरया!