जुनी मूठ, नव्या पात्या

आज शेळीपालन नाही आणि पापड-कुरडयाही नाहीत. आज आपण धनुष्यबाणावर बोलणार आहोत. हसू नका. आमच्या गटाच्या तीन मासिक बैठका याच विषयात गेल्या आणि शेवटी कर्जाचा ठरावही झाला.

आपल्या सातारा जिल्ह्यातली आदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा ती १७ वर्षांची होती. तेव्हापासून आमच्याकडच्या मुलींना धनुष्याचं वेड लागलंय. मागायला सोपं, घ्यायला महाग. आमच्या गटातल्या दोघींच्या मुली तालुक्याला सरावाला जातात. तिथे मुलं जास्त आणि धनुष्यं कमी. एक मुलगी बाण मारते तोवर बाकीच्या बसून बघतात. अशात एका जुन्या खेळाडूने आपलं बंद पडलेलं कंपाउंड धनुष्य त्यांना देऊन टाकलं. एक पाती तडकलेली, मॉडेल जुनं, सुटे भाग मिळत नाहीत. भंगारवाल्याला द्यायचं की त्याचं काही करायचं, हा प्रश्न बैठकीत आला.

आधी दोन शब्द समजून घेऊ. धनुष्याच्या मधल्या, हातात धरायच्या धातूच्या भागाला रायझर म्हणतात. आम्ही त्याला मूठ म्हणतो. त्याला वर एक आणि खाली एक पट्टी असते, ती ओढल्यावर वाकते. तिला खेळाडू लिंब म्हणतात. आमच्या एका आजींनी विचारलं, कडुलिंब की कागदी? म्हणून आम्ही आपलं पाती म्हणतो. कंपाउंड धनुष्याच्या पात्यांच्या टोकांना चाकं असतात आणि दोरीशिवाय आणखी केबली असतात. हे धनुष्य अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलनने काढलं, १९६९ साली त्याला पेटंट मिळालं. चाकांची करामत अशी, की ओढताना आधी जोर लागतो आणि पूर्ण ओढल्यावर तो एकदम हलका होतो. ४० पौंडाचं धनुष्य असलं तरी नेम धरताना बोटांवर १४-१५ पौंडच राहतात. रिकर्व्ह धनुष्याला चाकं नसतात, पात्यांची टोकं पुढे वळलेली असतात. जितकं ओढाल तितकं जड होत जातं आणि तो सगळा भार नेम धरेपर्यंत तोलावा लागतो.

आता कल्पना साधी आहे. कंपाउंड बंद पडतं ते पाती, चाकं, केबली यांच्यामुळे. मूठ बहुतेक वेळा धडधाकट असते. तिला रिकर्व्हच्या नव्या पात्या बसवल्या की सरावाचं धनुष्य तयार. अमेरिकेतले हौशी लोक हे बरीच वर्षं करत आलेत.

बैठकीत मात्र दोन तट पडले. पोरींच्या खेळण्याला गटाचा पैसा कशाला, त्यात दोन शेळ्या येतील, असं काहींचं म्हणणं. दुसऱ्यांचा मुद्दा वेगळा होता आणि आम्हाला तो जास्त वजनाचा वाटला. जोडलेलं धनुष्य पोरीच्या तोंडासमोर ताणलेलं असताना तुटलं तर? डोळा गेला तर गट काय करणार? त्यामुळे आम्ही ठरवलं की कर्ज नव्या पात्या, नवी दोरी आणि बोटांच्या चामड्यासाठी द्यायचं, मुठीला पैसा नाही. जिथे ताण येतो तिथे जुनं काही वापरायचं नाही. सहा हजार रुपये, दोघींच्या नावावर निम्मे निम्मे, दहा हप्ते.

पहिलं काम सोडवायचं, आणि सगळ्यात धोक्याचं तेच आहे. कंपाउंड धनुष्य नुसतं भिंतीला टांगलेलं असलं तरी त्याच्या दोरीत आणि केबलींत ताण असतो. दोरी कापली तर पात्या आणि चाकं सुटून अंगावर येतात. कोयता, कात्री, दाढीचं पातं, काहीही लावायचं नाही. त्यासाठी बो-प्रेस नावाचं यंत्र असतं, ते पात्या दाबून धरतं आणि मग दोरी सैल पडते. तिरंदाजीच्या दुकानात किंवा मोठ्या प्रशिक्षकाकडे ते असतं. आम्ही धनुष्य घेऊन एसटीने गेलो, पंधरा मिनिटांत काम झालं.

मग मूठ तपासायची. इथे आमच्या एका ताईंच्या मालकांनी, ते ट्रॅक्टर दुरुस्त करतात, जुनी युक्ती सांगितली. मूठ स्वच्छ धुऊन वाळवायची, रॉकेल किंवा डिझेल लावून थोडा वेळ ठेवायची, कोरडी पुसायची आणि वर खडूची पूड भुरभुरायची. बारीक भेग असेल तर आत मुरलेलं तेल खडूवर ओली रेघ उमटवतं. बोल्टाच्या भोकांभोवती आणि मूठ जिथे अरुंद होते तिथे नीट बघायचं. रेघ उठली तर ती मूठ भंगारात. एका वर्कशॉपवाल्याने आम्हाला सांगितलं होतं, भेग असली तर वेल्डिंग मारून देतो. नको. उष्णतेने आजूबाजूचा धातू कमजोर होतो आणि वरून काही दिसत नाही.

भोक पाडायचं असेल तर आधी धातू कोणता ते विचारून घ्या. कित्येक जुन्या मुठी मॅग्नेशियमच्या ओतीव असतात. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो आणि त्यावर पाणी ओतलं तर आग आणखी भडकते. जवळ कोरडी वाळू ठेवावी लागते. म्हणून मॅग्नेशियमची मूठ असली तर घरच्या ड्रिलने नाहीच. आमची ॲल्युमिनियमची निघाली.

पात्या बसवताना खरी अडचण कोनाची येते. कंपाउंडच्या पात्या मुठीवर ज्या तिरक्या कोनात बसतात तो रिकर्व्हला चालत नाही, पाती जास्त मागे ओढली जाते आणि धनुष्य फार कडक होतं. मध्ये पाचर घालून कोन सुधारावा लागतो. आम्ही आधी शिसवीची पाचर करून बघितली आणि माप जमल्यावर तीच लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची करून घेतली. वरची आणि खालची पाचर तंतोतंत सारखी पाहिजे. दुसरं, पाती एकट्या बोल्टावर ठेवायची नाही, ती फिरते. बाजूला दोन पिना किंवा घट्ट बसणारी खाच हवीच. आणि परदेशी धनुष्याचे आटे इंची असतात. आपला मिलिमीटरचा बोल्ट दोन फेरे जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावून जोर केला की मुठीचे आटे गेले.

आता माप, हे आपल्या हातचं काम. मुलीला भिंतीला टेकून दोन्ही हात पसरायला सांगा आणि मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिवणाच्या टेपने मोजा. आलेल्या आकड्याला अडीचने भागा. ६० इंच भरले तर ती साधारण २४ इंच ओढणार. पातीवर लिहिलेले पौंड २८ इंच ओढीचे असतात, म्हणजे तिच्या हातात कमी भरतील. पण कंपाउंडची मूठ आखूड असते, त्याने ते पुन्हा वाढतात. तात्पर्य, लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आम्ही धनुष्य दावणीच्या खांबाला मुठीपाशी घट्ट बांधलं, दोरीला स्प्रिंगचा काटा अडकवला आणि लांबून कासऱ्याने ओढलं. सगळे खांबाच्या मागे किंवा बाजूला, समोर कुणी नाही. पाचर घालण्याआधी काटा नऊ किलोच्या पुढे जात होता, पाचर घातल्यावर साडेसातवर आला. साडेसात किलो म्हणजे साडेसात लिटर पाण्याची बादली तीन बोटांवर तोलणं. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला ते पुरे आहे. असं वीसेक वेळा ओढलं, मग मागून बघितलं. दोरी दोन्ही पात्यांच्या आणि मुठीच्या मधोमध धावते का? आमची खालची पाती केसभर डावीकडे होती, ती पिनेजवळ पातळ पत्रा घालून सरळ केली. ते केलं नसतं तर दोरी टोकावरून निसटली असती.

दोरी नवीच, डॅक्रॉनची, धनुष्याच्या लांबीपेक्षा तीन-चार इंच कमी. दोरी आणि मूठ यांत सात-आठ इंच अंतर राहिलं पाहिजे, कमी वाटलं तर दोरीला थोडे पीळ द्यायचे.

बाणांकडे दुर्लक्ष नको. कंपाउंडबरोबर मिळालेले बाण ताठ असतात, हलक्या रिकर्व्हवरून ते वाकडे जातात. त्याहून वाईट म्हणजे आखूड बाण. मुलीने जास्त ओढलं आणि बाणाचं टोक मुठीच्या मागे आलं, तर सोडल्यावर तो तिच्याच हातात घुसतो. बाण तिच्या ओढीपेक्षा दोन इंच तरी लांब हवा. आणि बाण न लावता दोरी कधीच सोडायची नाही. ही गंमत घरातली लहान मुलं पहिल्या दिवशी करतात आणि नवी पाती त्यातच तडकते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कंपाउंड चालू असेल तर ते मोडू नका. कंपाउंड ऑलिम्पिकमध्ये नाही, मग काय उपयोग, असं लोक म्हणायचे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा ठेवलेली आहे. आदितीसुद्धा कंपाउंडच खेळते. आम्ही जोडलेलं धनुष्य सरावासाठी आहे. स्पर्धेत न्यायचं असेल तर आधी पंचांना दाखवावं लागतं, शिवाय मूठ वजनाला जड आहे, लहान पोरीचा खांदा लवकर दुखतो. आमच्या दोघी आळीपाळीने वीस-वीस बाण मारतात आणि हात दुखला की थांबतात. मागे कडब्याच्या पेंढ्यांची थप्पी आणि त्यामागे टेकडीचा उतार आहे. रस्ता नाही, गोठा नाही.

हप्ते सुरू झालेत, चार फिटले. ज्या ताईंनी शेळ्यांचं म्हटलं होतं त्यांचं मत बदललेलं नाही, पण त्यांची नात रविवारी बाण गोळा करायला येते. तुमच्याकडे कुणाचं जुनं कंपाउंड पडलेलं असेल तर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी घेऊन या, खडूची पूड आम्ही ठेवलेली आहे. फक्त येताना दोरी कापून आणू नका.