उत्तरापर्यंतची वाट



विद्यार्थ्याला उत्तर आले की नाही, एवढे परीक्षेतील गुण सांगतात. अनोळखी अडचणीपुढे तो कसा विचार करील, हे त्यांतून कळत नाही. गुंतागुंतीच्या समस्येत सर्व माहिती आरंभी हाती नसते आणि कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. तेथे विद्यार्थी कोणत्या वाटेने जातो, हेच पारखावे लागते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हा त्याचा उत्तम पाठ आहे. जून २०२० मध्ये सरोवराचे खारे, अल्कधर्मी पाणी गुलाबी झाले. शेवाळामुळे असे झाले असावे, असा तर्क प्रथम पुढे आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी स्थिर ठेवताच गुलाबी अंश तळाशी बसला व वरचे पाणी नितळ झाले. हा रंग ‘हॅलोआर्किया’ या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे निष्पन्न झाले. बाष्पीभवनामुळे वाढलेली क्षारता त्यांना पोषक ठरली होती.

सातवी-आठवीच्या वर्गात हाच प्रश्न उत्तर न सांगता मांडता येईल. चार-पाच जणांच्या गटाला प्रथम केवळ रंगबदलाची वार्ता द्यावी. पर्जन्यमान, जलपातळी, क्षारता यांची माहिती मागितल्यावरच पुरवावी. शिक्षकांनी चार गोष्टी नोंदवाव्यात : आधी काय विचारले? किती शक्यता मांडल्या? पडताळणीची कोणती रीत सुचवली? विरुद्ध पुरावा मिळताच मत बदलले का? प्रत्येक गोष्टीस शून्य ते तीन गुण द्यावेत आणि शेजारी विद्यार्थ्याचे एक वाक्य जसेच्या तसे लिहावे. त्यामुळे गुणांचा आधार पालकांनाही कळेल. अबोल मुलाचा विचार गटात झाकला जाऊ नये, म्हणून प्रत्येकाचे स्वतंत्र टिपणही घ्यावे.

२०१२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांना, आवश्यक माहिती स्वतः शोधावी लागेल असे प्रश्न संगणकावर दिले होते. महाराष्ट्रात २०१० मध्ये आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनानेही निरीक्षण, प्रयोग व प्रकल्प ही साधने शिक्षकांच्या हाती दिली. परंतु प्रकल्पाची वही घरून सजून आली, की गुण सजावटीला मिळतात आणि पाठांतरात मागे पडणारे, पण नेमका प्रश्न विचारणारे मूल ‘कच्चे’ ठरते. असा शिक्का एकदा बसला, की ते प्रश्न विचारणेच सोडून देते. ही हानी कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

म्हणून पालकांनी घरी ‘किती गुण मिळाले?’ यासोबत ‘आज काय विचारलेस?’ हेही विचारावे. शाळेतील या नव्या पारखीला घरातून मिळणारे ते मोठे बळ ठरेल.