काढणी तोंडावर, कोळी पानावर : पंप उचलण्याआधी दिवस मोजा

(धाराशिव जिल्हा बैठकीसाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



पौष संपत आला की आपल्या जिल्ह्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. रब्बीची ज्वारी निसवलेली असते, कणसात दाणा भरत असतो, हुरड्याची वेळ झालेली असते. नेमकी तेव्हाच खालची पाने तांबडी पडायला लागतात. पान उलटे करून पाहावे तर बारीक जाळी आणि तिच्यावर धूळ बसल्यासारखी. हा लाल कोळी. मग शेतकरी तालुक्याच्या दुकानात जातो आणि विचारतो, "याच्यावर कोणते औषध मारू?"

आमचे म्हणणे असे की हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आहे, "काढणीला किती दिवस राहिले?" पहिल्याचे उत्तर हातात नसेल तर दुसरा विचारूच नये. दुकानदार औषध देईल, बिल देईल. पण दिवस आपले आपल्यालाच मोजावे लागतात.

आधी ओळख पटवा

तांबडे पान दिसले म्हणजे कोळीच, असे नाही. ज्वारीवर मावा पडला की पाने चिकट होतात, चकाकतात, पुढे काळी बुरशी धरतात. त्याला आपण चिकटा म्हणतो. कोळ्यात चिकटपणा नसतो. पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेलगत, बुडाकडून तांबूस ठिपके सुरू होतात आणि टोकाकडे पसरत जातात. बोट फिरवले तर जाळी हाताला लागते.

कापसात तर घोटाळा आणखी मोठा. पाने लाल झाली की निम्मे लोक लाल्या म्हणतात, निम्मे कोळी म्हणतात, आणि फवारा मात्र सगळेच मारतात. लाल्या ही कीड नव्हे. बोंडांचा भार, नत्राची आणि मॅग्नेशियमची कमतरता, जमिनीतली तूट ओल आणि रात्रीची थंडी यांतून तो येतो. त्याच्यावर कीटकनाशक मारणे म्हणजे उपाशी माणसाला जंताचे औषध पाजणे.

खात्री करायची रीत बिनखर्चाची आहे. वहीचा कोरा कागद घ्या, पान त्याच्यावर झटका आणि उन्हात थोडे थांबा. ठिपके चालू लागले तर कोळी. ठिपके बसून राहिले तर ती धूळ. शेताच्या मधून आणि चारी बाजूंनी पाहा. रस्त्याच्या कडेच्या, धूळ खाणाऱ्या तासांवर कोळी आधी येतो. तेवढ्यावरून सगळे रान गेले असे समजू नका.

कोळी वाढतो कशाने

कोळी हा किडा नव्हे. किड्याला सहा पाय, याला आठ. हा विंचवा-गोचिडाच्या भावकीतला. ही भावकी लक्षात ठेवायचे कारण असे की किड्यांसाठी केलेली पुष्कळ औषधे याला लागू पडत नाहीत. उलट त्याला फावते.

हवा कोरडी आणि ऊन तापते असेल तर अंड्यापासून पुरता कोळी व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्याला आवरणारे त्याचे वैरी रानातच असतात : काळा, मोहरीएवढा ढालकिडा, शिकारी फुलकिडा आणि कोळ्यालाच खाणारा दुसरा कोळी. आपण सायपरमेथ्रिनसारखे औषध मारले की हे वैरी आधी मरतात. कोळी पानाखाली जाळीत बसलेला असतो, तो बराचसा वाचतो. पंधरा दिवसांनी तो आधीपेक्षा जास्त दिसतो. शेतकरी म्हणतो औषध भेसळीचे होते. भेसळ असेलही, पण औषध अस्सल असते तरी हेच झाले असते.

वैऱ्यांच्या हातून कोळी मारण्याची गोष्ट पुस्तकी नाही. हॉलंडमध्ये यान कोपर्ट नावाचा एक काकडी पिकवणारा शेतकरी होता. काचघरात, बंद हवेत, काकडीवर कोळी फार. औषधे मारून तो दमला आणि १९६७ साली त्याने कोळी खाणारा शिकारी कोळी काकडीवर सोडायला सुरुवात केली. त्यातून पुढे मित्रकीटक पुरवणारा मोठा धंदा उभा राहिला. आपल्या उघड्या रानात शिकारी विकत आणून सोडणे परवडणार नाही. पण फुकटात राबणाऱ्यांना मारू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

काळ्या ठिपक्याचा हिशेब

आता दिवस मोजू. ज्वारीच्या कणसातले दाणे काढा आणि दाण्याचे बूड, म्हणजे तो जिथे चिकटलेला असतो ती जागा, पाहा. तिथे काळा ठिपका आला असेल तर दाणा पक्व झाला. ताटातून दाण्यात जायचे ते जाऊन संपले. यापुढे पाने तांबडी होवोत की वाळोत, दाण्याचे वजन एक गुंजही कमी होणार नाही. ठिपका आल्यावर दाण्यासाठी मारलेला फवारा हा निव्वळ दुकानदाराला दिलेला आहेर.

ठिपका आलेला नाही आणि दाणा हुरड्यात आहे, तर साधारण दोन-तीन आठवडे हातात आहेत. तेव्हा वरची पाने पाहा. दाणा भरण्याचे काम मुख्यतः वरच्या पानांचे. खालची पाने तांबडी आणि वरची हिरवी असतील तर पीक तारून जाते. वरच्या पानांवर जाळी चढली असेल तरच नुकसान खरे.

औषध जाते कुठे

प्रत्येक औषधाच्या डब्यासोबत कागद येतो. त्यात शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे ते पिकाप्रमाणे लिहिलेले असते. त्याला प्रतीक्षा काळ म्हणतात. कागदावर आपल्या पिकाचे नावच नसेल तर त्या पिकावर ते औषध वापरायला मान्यता नाही आणि किती दिवस थांबायचे ते सांगणाराही कोणी नाही.

कोरडवाहू शेतकऱ्याला हा हिशेब इतरांपेक्षा कडक आहे, कारण ज्वारीचे आपण काहीच टाकत नाही. हुरडा आगटीवर भाजून, हातावर चोळून, न धुता तोंडात टाकतो, आणि पहिली मूठ पोरांच्या हातात देतो. दाणा घरात खातो. आणि कडबा, ज्याच्यावर फवारा सगळ्यात जास्त बसतो, तो जनावरांच्या दावणीत जातो आणि तिथून दुधात येतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात चारा छावण्या लागल्या, तेव्हा ज्याच्या घरी कडब्याची गंज होती तोच जनावर राखू शकला. ती गंज विषारी करून ठेवायची का, हा प्रश्न आहे.

वेचणीला आलेल्या कापसात आणखी एक गोष्ट. आज फवारा मारायचा आणि उद्या बायकांना वेचायला लावायचे, हे बंद झाले पाहिजे. पिशवी कमरेला आणि हात दिवसभर त्या बोंडांत असतात. त्याच हाताने दुपारी भाकरी मोडली जाते.

बाजारही आता हिशेब मागतो. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला आणि निर्यातदार व बागायतदार दोघेही अडचणीत आले. ज्याच्या मालात अंश निघतो, भाव त्याचा पडतो.

फवारणाऱ्याचा जीव

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या साली कपाशी पुष्कळ ठिकाणी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा अंगावर, तोंडावर येत होता. आता आपली मालदांडी डोळ्यांपुढे आणा. कणसात आलेली ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर असते. पाठीवर पंप घेऊन तिच्यात शिरणे म्हणजे विषाच्या पावसात चालणे. मजुराला असे काम सांगताना शंभरदा विचार करा.

घरात जुने डबे असतील तर तेही पाहा. कोळ्यावर वर्षानुवर्षे वापरलेल्या डायकोफॉलवर केंद्र सरकारने २०२३ साली बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला तर २००५ पासूनच मनाई होती. "घरात पडून आहे, वाया का घालवा" हे कारण चालणार नाही.

मग करायचे काय

एक. कोळ्याचा बंदोबस्त काढणीच्या तोंडावर होत नाही, तो पोटरीत करावा लागतो. ओलीचा ताण पडलेल्या पिकावर कोळी जोर करतो. विहिरीत पाणी असेल तर पोटरीच्या वेळचे एक संरक्षित पाणी द्या. ते दाण्यालाही उपयोगी आणि कोळ्याच्याही विरुद्ध. युरिया जास्त टाकून पीक लुसलुशीत करू नका.

दोन. प्रादुर्भाव कडेच्या तासांवर असेल तर ती पाने लवकर काढून बांधाबाहेर न्या आणि पुरा.

तीन. पाच टक्के निंबोळी अर्क लवकर वापरा. ५ किलो निंबोळ्या कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला आणि एकूण १०० लिटर पाणी करा. फवारा पानाच्या खालच्या बाजूला बसला पाहिजे. याने कोळी तडकाफडकी मरत नाही, त्याचे खाणे आणि वाढणे मंदावते. जाळीने पान भरल्यावर फार अपेक्षा ठेवू नका.

चार. भेंडी, वांगी यांचा तोडा दर दोन-तीन दिवसांनी असतो, म्हणजे ती कायमच काढणीच्या तोंडावर असतात. लांब प्रतीक्षा काळाचे औषध तिथे बसतच नाही. फार कोळी लागलेली पाने तोडा, सकाळी पानाखालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. गंधक वापरायचे तर कागदावरचे पीक आणि प्रमाण पाहून, आणि कडक उन्हात कधीही नाही, पाने करपतात.

पाच. ज्वारीला काळा ठिपका आला की ताटे वाळायची वाट पाहू नका. काढणी करा, पेंढ्या बांधा, कणसे खळ्यावर वाळवा. पाने जितकी उशिरापर्यंत रानात राहतील तितका कडबा खराब होईल. वेळेवरची काढणी हाच त्या वेळचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

शंका आली तर पान कागदात गुंडाळून तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा. दुकानात शेवटी जा.

कोळी वाऱ्यावर जाळ्याच्या धाग्याने एका रानातून दुसऱ्यात जातो. त्याला बांध ठाऊक नाही. म्हणून गावोगावी एवढे ठरवून घ्या : पोटरीच्या वेळी चार-पाच जणांनी मिळून शिवारफेरी करायची, कागदावर पाने झटकून पाहायची आणि काय दिसले ते पारावर सांगायचे. आणि हुरड्याच्या वीस दिवस आधीपासून गावच्या ज्वारीत कोणी विषारी फवारा मारायचा नाही. एवढा ठराव ज्या गावांनी केला असेल त्यांनी पुढच्या जिल्हा बैठकीत उभे राहून सांगावे. इतर गावे तो तिथेच उचलतील.