कोऱ्या संगणकावरचे चार निर्णय



मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून ज्यांनी पीसी जुळवून घेतला असेल, त्यांनी दुकानदाराचा प्रश्न ऐकलाच असेल : "विंडोज टाकून देऊ ना?" आपण मान डोलावतो. कॅबिनेट कोणतं, रॅम किती, यावर तासभर घासाघीस करणारे आपण इथे मात्र सगळं त्याच्यावर सोपवून मोकळे होतो. त्या एका होकारात आपले चार निर्णय दुसराच कुणी घेऊन टाकतो.

आधी एक गैरसमज दूर करू. नवा पीसी सुरू केला की मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम जागा होतो. त्याचं आजचं नाव यूईएफआय. बोलताना सगळे अजून बायॉसच म्हणतात. तो रॅम आणि प्रोसेसर तपासतो, मग डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम शोधतो. डिस्क कोरी असल्यामुळे पडद्यावर 'बूट डिव्हाइस नाही' असा संदेश येतो. पीसी बिघडलाय असं समजून लोक घाबरतात. पण तो संदेश दिसला याचाच अर्थ रॅम, प्रोसेसर आणि डिस्प्ले ठीक आहेत.

पहिला निर्णय, सिस्टिम कोणती आणि आणायची कुठून. उबुंटू, डेबियन फुकट आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि किमान ६४ जीबी जागा लागते. तिचा इन्स्टॉलर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेता येतो, लायसन्स वेगळं विकत घ्यायचं. लायसन्स चुकवणारा 'क्रॅक' चालवायला अँटिव्हायरस बंद करावा लागत असेल, तर त्याच पीसीवरून बँकेचे व्यवहार करायचे का, हे तुम्हीच ठरवा.

दुसरा निर्णय अक्षरशः दोन ओळींचा आहे. पीसी कशावरून सुरू करायचा हे विचारणाऱ्या बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो : एकदा नुसत्या नावाने, एकदा पुढे 'यूईएफआय' लिहून. दुसरी ओळ निवडा. पहिल्या ओळीने गेलात तर विंडोज पीसीच्या डिस्कवर एमबीआर ही १९८३ पासूनची मांडणी मागते. तिच्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा आणि सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार केला की हिशेब २ टीबीपाशी संपतो. ४ टीबीची डिस्क घेतली असेल तर निम्मी वापरताच येत नाही. जीपीटी या नव्या मांडणीत ही अडचण नाही.

तिसरा, पार्टिशन. आपल्याकडे सी ड्राइव्ह लहान, मग डी, ई, एफ अशी वाटणी करून देण्याची जुनी रीत आहे. फॉरमॅट मारला तरी फोटो वाचावेत, हा तिचा हेतू. पण वर्षभरात अपडेट साचतात, सी लाल होतो आणि शेजारी ई ओस पडलेला असतो. शिवाय डिस्कच गेली तर चारही ड्राइव्ह एकदम जातात. बॅकअप हवा तर तो दुसऱ्या डिस्कवरच हवा.

चौथा निर्णय खात्याचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. विंडोज ११ च्या अनेक पीसींवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट होते आणि तिची रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. दुकानदाराने सोयीसाठी स्वतःचा ईमेल टाकला असेल, तर मदरबोर्ड बदलल्यावर मागितली जाणारी ती किल्ली त्याच्याकडे असेल. डिस्क तुमची, फोटो तुमचे, किल्ली त्याची!

इन्स्टॉल करताना एक अडचण अनेकदा येते. अगदी नव्या मदरबोर्डचं वायफाय इन्स्टॉलर ओळखत नाही आणि विंडोज तर इंटरनेट मागते. म्हणून बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून नेटवर्क ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.

तेव्हा दुकानदाराला सांगा, जोडणी करा, बायॉसचा पडदा दाखवा, पुढचं मी बघतो. तेही जमणार नसेल तर त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. माउस त्याच्या हातात राहू दे, पण या चार ठिकाणी उत्तर तुम्ही द्या.