संशोधनात परिचारिकेचे स्थान कोणते?

(आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आरोग्याच्या प्रश्नाचा विचार करताना आपली चळवळ बहुधा दवाखाने, औषधांच्या किमती आणि रिक्त पदे यांपाशी थांबते. हे प्रश्न तातडीचे आहेत यात शंका नाही. परंतु कोणते औषध द्यावयाचे व कोणती तपासणी करावयाची, हे ठरविणारे ज्ञान ज्या संशोधनातून निर्माण होते, तेथे श्रमाची आणि अधिकाराची वाटणी कशी झाली आहे, याचाही विचार आपण केला पाहिजे. आज मी तो परिचारिकेच्या बाजूने मांडणार आहे.

उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील घेऊ. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक मोठी चाचणी सुरू झाली. तिच्यामागे बार्शीचे कर्करोग रुग्णालय होते. गावांचे ५२ गट पाडून तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात घेण्यात आल्या. एका गटात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या गटात केवळ माहिती व नेहमीची व्यवस्था. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूच्या एका तपासणीमुळे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले होते. जगभरच्या आरोग्यधोरणात या निष्कर्षाची दखल घेतली गेली.

ही तपासणी प्रत्यक्ष केली कोणी? प्रशिक्षित परिचारिका-सुईणींनी. जी स्त्री आपले दुखणे नवऱ्यालाही सांगत नाही, तिला तपासणीच्या टेबलापर्यंत आणणे हे साधे काम नव्हे. तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात तर परिचारिकांनी याहून पुढची मजल मारली. तेथे डोळ्यांनी पाहणी करणे, दुर्बिणीतून तपासणे, ऊतीचा तुकडा काढणे आणि रोगपूर्व व्रणावर शीतोपचार करणे ही सारी कामे त्यांनी केली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले. डॉक्टरांचीच म्हणून मानली गेलेली कामे विशेष प्रशिक्षण घेतलेली परिचारिका करू शकते, याला याहून निर्णायक पुरावा कोणता हवा?

तथापि येथेच दुसरा प्रश्न उभा राहतो. उस्मानाबादच्या चौथ्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांची तपासणी झाली नाही, आणि त्यांपैकी ६४ जणी या रोगाने दगावल्या. ज्या रोगाची तपासणी जगात अनेक दशके उपलब्ध होती, तिच्यापासून गरीब स्त्रियांचा एक गट दूर ठेवणे न्याय्य होते काय, यावर पुढे तीव्र वाद झाला. नेहमीची व्यवस्था हाच तुलनेचा आधार होता, असे समर्थन करण्यात आले. पण ही नेहमीची व्यवस्था म्हणजे काय? ग्रामीण स्त्रीला काहीही न मिळणे! शासनाची अनास्था अशा रीतीने संशोधनाचा आधार बनते. गावात वावरणाऱ्या परिचारिकेला हे सर्वांत आधी जाणवते. परंतु योजना आखणाऱ्यांच्या बैठकीत तिला खुर्ची नसते.

संमतीच्या बाबतीतही हेच. २००९ साली आंध्रातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा येथे दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना याच कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. आंध्रात अनेक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१० च्या एप्रिलमध्ये प्रकल्प स्थगित झाला व २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. काही मुलींचे मृत्यू झाले. ते लसीमुळे झाले असे चौकशीत निष्पन्न झाले नाही. लस वाईट होती असा माझा आरोप नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. कागदावर आईचा अंगठा नाही, हे टोचणाऱ्या हाताला दिसले, तर त्या हाताने थांबावयाचे कोणाच्या बळावर?

काही डॉक्टर मित्र म्हणतात की वॉर्डातच परिचारिका पुरत नाहीत, त्यात हे संशोधनाचे खूळ कशाला? त्यांना माझे उत्तर असे की परिचारिका संशोधनात आजही राबतच आहेत. नमुने घेणे, नोंदी ठेवणे, रुग्णाला समजावणे हे त्यांच्याच माथी असते. प्रश्न त्या श्रमाला पद, वेळ आणि अधिकार देण्याचा आहे. आणि परिचारिकेला स्वतःचे प्रश्नही असतात. इंग्लंडमधील परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी वृद्ध रुग्णांच्या शय्याव्रणांचा अभ्यास करून १९६२ साली दाखवून दिले की मलमे चोळण्यापेक्षा ठराविक वेळाने कूस बदलून दाब हलका करणे महत्त्वाचे. अशा प्रश्नातून कोणत्याही औषध कंपनीला नफा नाही. म्हणून तो विचारण्यासाठी सार्वजनिक पैसा हवा.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात. त्यांत सामान्य नागरिक, स्त्री सदस्य व कायदेतज्ज्ञ यांची तरतूद आहे, परिचारिकेची नाही. ती व्हावी, आणि ती परिचारिका मुख्य संशोधकाच्या हाताखालची नसावी. संमती सदोष आढळल्यास काम थांबविण्याचा अधिकार तिला असावा व त्यापायी तिची नोकरी जाऊ नये. संशोधनातील परिचारिकांची पदे कायम स्वरूपाची असावीत. किती रुग्ण भरती केले यावर तिचा पगार ठरू नये. आणि जिने बौद्धिक वाटा उचलला, तिचे नाव निबंधावर यावे.

या मागण्या केवळ एका व्यवसायाच्या नाहीत. चाचणीसाठी ज्यांची शरीरे वापरली जातात ते बहुतांशी गरीब असतात, आणि त्या व्यवस्थेत त्यांच्या सर्वांत जवळ उभी असते ती परिचारिका. तिला बोलण्याचा अधिकार मिळाला, तर त्या गरिबांच्या रक्षणाची पहिली फळी उभी राहील. आपल्या संघटनांनी हा प्रश्न आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, एवढीच माझी विनंती आहे.