गॉस्पेल गायन आणि आपले भजन



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'गॉस्पेल गायन' असे कळविले. त्यावर त्यांनी काळजीच्या स्वरात विचारले, "विषय बरा आहे हो, पण धामापुरात हे ऐकणार कोण?" मी म्हटले, ज्या जिल्ह्यात डबलबारीला माणसे पहाटेपर्यंत मांडी मोडत नाहीत, तिथे नाही ऐकणार तर कुठे ऐकणार? तेव्हा आज मी भजनाविषयीच बोलणार आहे. फक्त ते भजन दुसऱ्या देशातले, दुसऱ्या धर्मातले, आणि मी ते ऐकले मुंबईच्या एका जुन्या चर्चमध्ये.

दोन वर्षांपूर्वीची, डिसेंबर महिन्यातली गोष्ट. मुलाकडे मुंबईला गेलो होतो. त्याच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याने आम्हांला गाण्याचे निमंत्रण दिले. गाणे होते फोर्टातल्या सेंट थॉमस कथीड्रलमध्ये. आपल्यातले कित्येक चाकरमानी चर्चगेट स्टेशनावर रोज उतरतात, पण ते चर्च कुठले हे विचारीत नाहीत. मीही नोकरीच्या काळात कधी विचारले नव्हते. ते हे चर्च. मुंबईच्या किल्ल्याला जो दरवाजा या चर्चकडे नेणारा होता तो चर्चगेट. दरवाजा गेला, किल्ला गेला, नाव स्टेशनाला उरले. या चर्चची कल्पना १६७६ सालची, गव्हर्नर आँजिए याच्या वेळची. पण काम रखडले आणि ते उपासनेला खुले झाले १७१८ सालच्या नाताळात. म्हणजे तीनशे वर्षांहून जुनी वास्तू. आपल्या तलावापुढे ती लहानच म्हणायची, कारण आपला तलाव १५३० सालचा सांगतात. पण मुंबईच्या मानाने वय पुष्कळ झाले.

आत गेल्यावर प्रथम दिसतात ते संगमरवरी पुतळे आणि शिलालेख. कंपनी सरकारचे गव्हर्नर, कप्तान, आरमाराचे अधिकारी असे भिंतीभिंतीवर उभे आहेत. जोनाथन डंकन या गव्हर्नराचे स्मारक आहे. ज्याच्या जहाजावर नेपोलियनने शरणागती पत्करली त्या मेटलंडचे आहे. हे सर्व लोक राज्य करणारे. आणि त्यांच्या मधोमध, पायघोळ झगे घातलेली चाळीस माणसे उभी राहून जे गाणार होती, ते गाणे गुलामांच्या पोटी जन्मलेले. १७१८ साली इथे पहिली प्रार्थना झाली, त्याच काळात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसांनी भरलेली जहाजे अमेरिकेला जात होती. हा विचार मला त्या बाकावर बसल्या बसल्या आला आणि गाणे संपेपर्यंत डोक्यातून गेला नाही.

गाणारी माणसे आपल्या मुंबईचीच होती. शिक्षिका होत्या, बँकेतले लोक होते, कॉलेजची मुले होती. चर्चचा मोठा ऑर्गन त्या दिवशी गप्प होता. साथीला पियानो आणि ढोल-झांजांचा संच. आता या गाण्याची घडण सांगतो. एक मुख्य गायक ओळ म्हणतो आणि मागचे सर्व ती उचलतात. तो पुन्हा थोडी वळवून म्हणतो, ते पुन्हा उचलतात. लय वाढत जाते, शब्द कमी होत जातात, शेवटी एकच शब्द उरतो आणि त्यावरच सर्वजण हेलकावे घेतात. श्रोतेहो, बुवा आणि कोरस! आपल्या भजनी मंडळींनी 'कोरस' हा शब्द इंग्रजीतून केव्हा उचलला हे मला सांगता येणार नाही, पण तो अगदी योग्य ठिकाणी बसला आहे. शेवटी जे होते त्याला आपण गजर म्हणतो. मला त्या क्षणी टाळ हातात नसल्याची चुटपुट लागली.

दोन फरक मात्र मोठे. पहिला सुरांचा. आपल्या भजनात वीस माणसे असली तरी सूर एकच. तिथे एकाच शब्दावर बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन असे चार निरनिराळे सूर एकदम लागतात. पेटीवर सा, ग, प ह्या तीन पट्ट्या एकदम दाबून पाहा म्हणजे कल्पना येईल. रापण ओढताना प्रत्येकजण दोरीच्या वेगळ्या ठिकाणी हात घालतो, पण येते ती एकच जाळी; तसे ते वाटले. दुसरा फरक टाळीचा. आपण समेवर टाळी देतो. त्यांची टाळी चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. मी आपला हौसेने समेवर टाळ्या देत होतो आणि दर वेळी माझी एकट्याची टाळी उघडी पडत होती. शेजारच्या एक वृद्ध बाई हसल्या, माझे मनगट धरून त्यांनी दोन आवर्तने मला शिकविले. तिथून पुढे जमले.

मध्ये मुख्य गायिकेने सर्वांना सांगितले की तुम्ही इथे प्रेक्षक म्हणून बसू नका. हे वाक्य पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवावे.

आता हे गाणे आले कुठून? अमेरिकेतल्या शेतांवर राबणाऱ्या गुलामांना बहुतेक ठिकाणी लिहिणे-वाचणे शिकू दिले जात नसे. म्हणून एकाने ओळ सांगायची आणि इतरांनी म्हणायची ही रीत त्यांना सोयीची पडली; मुळात ती आफ्रिकेतून त्यांच्याबरोबर आलेलीच होती. बायबलातली, मिसर देशाच्या दास्यातून इस्राएल लोक सुटले ती कथा त्यांना आपलीच वाटली. नदी, पलीकडचा तीर, वचन दिलेला देश, हे शब्द गाण्यात आले की धन्याला वाटे स्वर्गाची गोष्ट चालली आहे. ऐकणाऱ्याला उत्तरेकडे पळून जाण्याची वाटही दिसे. देवळातही त्यांना बरोबरीची जागा नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या एका चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीयांना उठविण्यात आले. त्यातल्या रिचर्ड ॲलन यांनी पुढे आपले स्वतंत्र चर्च उभारले. पंढरीच्या देवळाबाहेर राहिलेल्या चोखोबांची, आणि ते देऊळ सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली उपोषण करणाऱ्या साने गुरुजींची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पुढच्याच वर्षी नॅशव्हिल गावी, लष्कराच्या जुन्या बराकींत, सुटलेल्या गुलामांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली. पाच वर्षांत ती कर्जात बुडाली. तेव्हा जॉर्ज व्हाइट या तिथल्या शिक्षकाने ९ विद्यार्थी घेतले आणि १८७१ च्या ऑक्टोबरात तो गाण्याच्या दौऱ्यावर निघाला. त्यांतले बहुतेक गुलामीत जन्मलेले. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात ५० डॉलरही पुरते जमले नाहीत. आणि तेवढेही त्यांनी शिकागोच्या आगीत होरपळलेल्या लोकांना देऊन टाकले, स्वतःचे बिल भागत नसताना!

इथे एक नाजूक गोष्ट आहे. ही मुले आरंभी सभेत आपली गाणी म्हणतच नसत. गोऱ्यांना आवडणारी, सभ्य समजली जाणारी गाणी म्हणत. आईबापांची गाणी त्यांना पवित्र वाटत, आणि दास्याच्या आठवणींमुळे लाजही वाटे. परक्या माणसांपुढे, पैशासाठी ती कशी उघडी करायची? पण सभ्य गाण्यांना लोक जांभया देत. शेवटी नोव्हेंबरात ओबर्लिन येथे काँग्रिगेशनल पंथाच्या धर्मगुरूंच्या परिषदेत त्यांनी आपले घरचे गाणे हळूच सुरू केले आणि सभा स्तब्ध झाली. (हाच पंथ आपल्याकडे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन चालवीत होता.) पुढे 'ज्युबिली सिंगर्स' या नावाने या मेळ्याने पहिल्याच दौऱ्यात शाळेसाठी २०,००० डॉलर आणले. १८७३ साली ते इंग्लंडात राणी व्हिक्टोरियापुढे गायले. आणि त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक छापले व ते अमेरिकेतल्या, दास्यातून गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. जोतीरावांनी हे गाणे कधी ऐकले असते तर काय म्हटले असते, असे मनात येते. या मेळ्याची फ्रेडरिक लाउडिन यांच्या हाताखालची एक शाखा १८८९-९० च्या सुमारास हिंदुस्थानात फिरलीही. आग्र्याला ताजमहालात त्यांनी आपले एक गीत म्हटले.

इथवर जे सांगितले ते मूळ भजन झाले. त्याला 'स्पिरिच्युअल' म्हणतात. आज जे 'गॉस्पेल' म्हणून गातात ते त्याहून अलीकडचे, आणि त्याची कथा आपल्या भजनी मंडळींना फार जवळची आहे. टॉमस डॉर्सी हे जॉर्जियातल्या एका धर्मोपदेशकाचे चिरंजीव, जन्म १८९९. पण हे पियानो वाजवीत ब्लूज गाणाऱ्या बायांच्या साथीला. म्हणजे दारूच्या गुत्त्यांत आणि तमासगीर मंडळ्यांत. त्यांनी ती ठेक्याची, लचकदार चाल देवाच्या गाण्याला लावली आणि शिकागोच्या प्रतिष्ठित चर्चमधून ते बाहेर काढले गेले. गुत्त्यातली चाल देवळात? १९३२ साली ते गाण्यासाठी परगावी असताना तार आली: पत्नी बाळंतपणात गेली. घरी पोहोचतात तोच मूलही गेले. डॉर्सींनी देवावर रागावून गाणे सोडायचे ठरविले. पण काही दिवसांनी पियानोपुढे बसले असता, प्रभूने हात धरावा अशी विनवणी करणारे गीत त्यांना सुचले. तेच गीत १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी महालिया जॅक्सन यांनी म्हटले. त्या बाई १९७१ साली आपल्या देशातही गाऊन गेल्या. नाइट क्लबात गायला त्यांनी जन्मभर नकार दिला, आणि गायल्या मात्र गुत्त्यातून आलेल्या चाली!

आता आपल्याकडे वळतो. गेल्या गणपतीत आमच्या वाडीत एका घरी तंटा झाला. एका तरुण बुवाने सिनेमाच्या चालीवर अभंग लावला, आणि माजघरातून एक वृद्ध गृहस्थ उठून निघून गेले. काळ्या वाटाण्याची उसळही घेतली नाही. त्यांचे म्हणणे मला समजते. कित्येकदा ती चाल शब्दांचा गळा धरते. तुकोबांचा 'विठ्ठल' नाचगाण्याच्या ठेक्यात अर्धा गिळला जातो, आणि तसले भजन मलाही नकोसे होते. पण चाल बाटगी म्हणून भजन बाटले, हे मला पटत नाही. आमच्या लहानपणी नाट्यपदांच्या चाली भजनात होत्याच आणि त्यांनाही तेव्हाच्या म्हाताऱ्यांनी नाके मुरडली होती. बुवांच्या पुढची पेटी तरी कुठली? एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये घडलेले वाद्य ते. आणि देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असेही नाही. इथून जवळच, गोव्यात राशोल येथे १६१६ साली फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' छापले. दापोलीकडच्या करजगावचे नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले; इंग्रजी चालींवरची भाषांतरित गाणी म्हणणाऱ्या आपल्या नव्या बांधवांना त्यांनी अभंग आणि भजने दिली. मराठी चर्चमध्ये ती आजही म्हणतात.

मला भीती आहे ती वेगळ्याच गोष्टीची. त्या कथीड्रलमध्ये बाई म्हणाल्या, प्रेक्षक म्हणून बसू नका. आपल्या घरातल्या गणपतीपुढे मात्र आपणच प्रेक्षक होत चाललो आहोत. मंडळ पाच माणसांचे उरते. पोरे मुंबईला, पुण्याला. कोरसची जागा यंत्रात भरलेला आवाज घेतो आणि घरची माणसे भिंतीला टेकून, मोबाइल वर धरून, ते चित्रात टिपतात. डबलबारीला हजार माणसे येतात याचा मला अभिमान आहे. पण त्या हजारांतल्या किती जणांच्या तोंडून ओळ निघते? त्या गुलामांच्या गाण्यात ऐकणारा असा वेगळा कोणी नव्हताच. जो शेतात होता तो गात होता.

मुंबईहून परत आल्यावर मी आमच्या वाडीतल्या बुवांकडे गेलो. वय झाले आहे, पण अजून रूपावलीला त्यांच्या तोडीचा आवाज मी ऐकलेला नाही. त्यांना सर्व सांगितले: चर्च, झगे, चार सूर, दुसऱ्या मात्रेवरची टाळी. चार सुरांचे त्यांना नवल वाटले नाही. टाळीची गोष्ट त्यांनी गुडघ्यावर वाजवून पाहिली, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बसविली. मग विचारले,

"कोरस कितक्या जणांचो होतो रे?"

"चाळीस जण होते, बुवा."

"चाळीस?" बुवा जरा वेळ गप्प राहिले. "आणि सगळे येळार इले?"