थेंबांची तजवीज



मोतीबिंदू काढून घरी आलेल्या माणसाला लागणारे थेंब आज तालुक्याच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतात, आणि त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरचे औषध म्हणजे पैसे टाकून उचलून आणावयाची वस्तू, असा आपला समज दृढ झालेला आहे. परंतु ऊसतोडीच्या दिवसांत पाचटाचे धारदार पान लागून ज्याच्या बुबुळात बुरशी शिरली, व्रण औषधाने आटोक्यात न आल्यामुळे ज्याला अखेर मृत दात्याचे पारपटल बसवावे लागले, त्या शेतकऱ्याच्या चिठ्ठीवरील ‘नाटामायसिन’ या बुरशीविरोधी थेंबांचे नाव वाचून दुकानदार जेव्हा नकारार्थी मान हलवतो, तेव्हा मोठ्या रुग्णालयात यशस्वी झालेली शस्त्रक्रिया आपल्या गावच्या पेठेत येऊन अडते.

हे औषध नवे किंवा अपरीक्षित आहे असे मुळीच नाही. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाचा ज्यात प्रमुख सहभाग होता, अशा एका मोठ्या चाचणीत त्याची तुलना व्होरिकोनाझोल या अधिक नव्या औषधाशी करण्यात आली, आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, विशेषतः फ्युसेरियम जातीच्या बुरशीवर, जुनेच औषध सरस ठरले; 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. यादीत नाव दाखल होणे निराळे आणि तालुक्याच्या फळीवर बाटली असणे निराळे. दुकानदारालाही सर्वस्वी दोष देता येत नाही, कारण वर्षाकाठी दोन-चार गिऱ्हाइकांसाठी मागवलेल्या मालाची मुदत संपली म्हणजे तो तोटा बहुधा त्याच्याच पदरी पडतो.

रुग्णाच्या बाजूचा हिशेब मात्र याहून निकडीचा आहे. पाच मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे शंभर थेंब निघतात. आरंभी दर तासाला एक थेंब, तोही रात्रंदिवस, असा डॉक्टरांचा हुकूम असला म्हणजे ती चार दिवसांत रिकामी होते, आणि इलाज तर कित्येक आठवडे चालतो. शिवाय हे औषध पांढुरके, गढूळ असते. बाटली उभी ठेवली की त्याचा साका तळाशी बसतो. घड्याळाचा गजर लावून मध्यरात्री उठणारी, बाटली नीट हलवून नवऱ्याची खालची पापणी बोटाने ओढून धरणारी, आणि तरी अर्धा थेंब गालावर ओघळलेला पाहून चरकणारी बाई मी रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात पाहिली आहे. तिच्या लेखी ओघळलेला थेंब म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी आणखी एक खेप आणि तितकीच मजुरी बुडणे.

याहूनही भय वाटते ते परस्पर दिलेल्या पर्यायाचे. “हे नाही, पण डोळ्याच्या ऑपरेशननंतर सगळे हेच घेतात,” असे म्हणून स्टेरॉइड असलेले थेंब हाती दिले जातात. मोतीबिंदूनंतर जे औषध सूज उतरवते, तेच बुरशीच्या व्रणात शरीराचा प्रतिकार दुबळा करून उरलेल्या बुरशीला मोकळे रान देते, आणि नवे पारपटलही पांढरे पडण्याचा धोका ओढवतो. म्हणूनच असे रोपण केल्यावर शस्त्रवैद्य प्रारंभी स्टेरॉइड जाणूनबुजून टाळतात. शेड्यूल एचमधील औषधाच्या चिठ्ठीवर दुसरेच औषध देण्यास 1945 च्या औषध नियमांनीही मनाई केलेली आहे. पण नियमाची अंमलबजावणी काउंटरवर उभ्या असलेल्या घाबऱ्या माणसाने करावी, ही अपेक्षा अन्यायाची होय.

तेव्हा रुग्णाला घरी सोडण्यापूर्वीच डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव व प्रमाण सुवाच्य अक्षरांत लिहावे, ते कोठे मिळेल याची खातरजमा करावी, आणि निदान पहिल्या आठवड्याच्या बाटल्या सोबत द्याव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. उरलेले काम आपले. ही व्याख्यानमाला दरवर्षी वर्गणी काढून चालते. त्याच वर्गणीतून ऊसतोडीच्या हंगामापुरत्या चार बाटल्या गावच्या एका दुकानात ठेवाव्यात, मुदत संपलेल्या मालाची किंमत व्याख्यानमालेच्या मंडळाने भरून द्यावी, आणि जिल्ह्याच्या घाऊक विक्रेत्याकडून एस.टी.ने पार्सल आणविण्याची जबाबदारी एका कार्यकर्त्याने नावानिशी पत्करावी. आजची सभा उठण्यापूर्वी ते नाव अध्यक्षांच्या हाती द्यावे, एवढेच माझे मागणे आहे.